आमच्याकडे मस्कतला

टोकियोत ओजिमाच्या आमच्या इमारतीत चांगली लिफ्ट होती, तरी शुक्रवारी सकाळी मी जिन्याने उतरायचे. लिफ्टचं दार तळमजल्यावर जिथे उघडतं त्याच्या समोरच एक बाक होता आणि शुक्रवारी त्या बाकावर काका बसलेले असत. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कानामागे अत्तर, शेजारी थर्मास आणि मांडीवर खजुराचा डबा. एकदा त्यांच्या नजरेला पडलं की खजूर खाल्ल्याशिवाय, वेलदोड्याची बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी प्यायल्याशिवाय आणि मस्कतची एखादी गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नसे. मला माझ्या बाइतोवर, म्हणजे पाळणाघरातल्या पार्टटाइम नोकरीवर, वेळेत पोचायचं असे. जपानात माणसाला बाकी सगळं माफ असतं, उशीर नसतो.

काका आमचे नात्याचे कोणी नव्हते. माझी शेजारीण मेधा, तिचे ते सासरे. मूळचे मिरजेचे, पण ‘आमच्याकडे’ हा शब्द त्यांनी मिरजेसाठी वापरलेला मी कधी ऐकला नाही. आमच्याकडे म्हणजे मस्कतला. शुक्रवारचा थाटही तिथलाच, तिथे तो सुट्टीचा वार. तरुणपणी एअर कंडिशनरच्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळायला म्हणून ते ओमानला गेले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिले. काकू तिथेच वारल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांची नोकरी संपली, नोकरीबरोबर व्हिसा संपला आणि एकुलता एक मुलगा टोकियोत म्हणून ते टोकियोला आले. तेही कधी, तर मोठ्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात. आमच्या इमारतीतली कितीतरी भारतीय बिऱ्हाडं तेव्हा गाशा गुंडाळून परत गेली होती आणि उरलेल्यांना ‘अजून तिथेच आहात?’ असे पुण्याहून रोज फोन येत होते. सगळे बाहेर पळत होते आणि हा माणूस बॅगा घेऊन आत येत होता. विमानतळावर मुलाने विचारलं, ‘बाबा, भीती नाही ना वाटली?’ तर म्हणाले, ‘कसली भीती? हवा तर छान आहे. आमच्याकडे आत्ता बाहेर उभं राहवत नाही.’

बाबांना जपान दिसतच नाही, असं मेधा म्हणायची. माझ्या मते दिसायचं, पण मस्कतच्या मापाने. इथे जूनमध्ये महिनाभर पाऊस लागून राहतो आणि माणसं वैतागतात. काका मात्र लिफ्टमध्ये भेटेल त्याचं अभिनंदन करत, कारण त्यांच्याकडे पाऊस पडला की लोक एकमेकांचं अभिनंदन करतात. छत्री मिटत आत आलेल्या एखाद्या जपानी गृहस्थाचा हात हातात घेऊन ते ‘मुबारक, मुबारक’ म्हणत आणि तो गृहस्थ बिचारा वाकून वाकून आभार मानत असे.

दुसरा त्यांचा शब्द ‘इन्शाल्ला’. लिफ्ट येतेय का, येईल, इन्शाल्ला. दूध नासलं का, नसेल, इन्शाल्ला. आमच्या मराठी मंडळींचा गणपती इमारतीच्या हॉलमध्ये बसायचा आणि विसर्जन बादलीत व्हायचं. एका वर्षी सगळ्यांनी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं आणि पाठोपाठ काकांनी शांतपणे ‘इन्शाल्ला’ जोडलं. मंडळाचे अध्यक्ष तोयोसुच्या एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. ते म्हणाले, ‘काका, निदान इथे तरी नको.’ काका म्हणाले, ‘अहो, देवाची इच्छा असेल तर, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या खेपेस बाप्पाला वचन दिलेली निम्मी माणसं भूकंपानंतर दिसली का कुठे? मग पुढच्या वर्षाचं एवढं खात्रीनं कसं बोलता?’ अध्यक्षांनी प्रसाद वाटायला घेतला.

त्यांच्या कॉफीची एक मेख होती. ती बिनकानाच्या इवल्याशा पेल्यातून द्यायची आणि पेला रिकामा झाला की यजमानाने न विचारता भरायचा. पुरे असेल तर पाहुण्याने पेला दोन बोटांत धरून किंचित हलवायचा. आम्हाला हे कोण सांगणार? मी आणि माझा नवरा निखिल पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा निखिल दर पेल्याला ‘नको काका, खरंच नको’ म्हणत राहिला. आपल्यात पाहुणा नको म्हणतो तेव्हा आणखी वाढायचं असतं आणि मस्कतला तर शब्दांना किंमतच नाही, पेला हलला पाहिजे. काकांनी दोन्ही देशांचा मान राखला. घरी आल्यावर निखिलची छाती इतकी धडधडत होती की मी अॅम्ब्युलन्सचा नंबर शोधायला घेतला.

शुक्रवारच्या बाकावर काकांची खरी जोडीदारीण म्हणजे तळमजल्यावरच्या तानाका आजी. एकट्याच राहायच्या. काकांनी एकदा त्यांना खजूर दिले. जपानात कुणाकडून काही घेतलं तर परतफेड करावी लागते. आजींनी दुसऱ्या दिवशी तांदळाची खारी बिस्किटं आणून दिली. अरबांच्या देशात मुरलेल्या माणसाला रिकामा डबा परत पाठवणं म्हणजे गुन्हा. काकांनी त्यात हलवा भरून पाठवला. आजींनी मुळ्याचं लोणचं दिलं. काकांनी मेधाकडून चकल्या करून घेतल्या. दोघांपैकी एकानेही माघार घेतली नाही. शेवटी मेधाचा फ्रिज लोणच्यांनी भरला आणि ती मला म्हणाली, ‘हे दोन देश एकमेकांना कधीच भेटायला नको होते बघ.’

बोलण्याचा प्रश्न त्यांना पडत नसे. आजींशी ते मराठीत बोलत, आजी जपानीत बोलत आणि दोघांचं छान चाले. स्टेशनजवळ हलाल मालाचं एक दुकान होतं, त्याचा मालक बांगलादेशी. काका त्याच्याशी अरबीत बोलत. मालक हिंदीत उत्तर देई, ‘अंकल, मुझे नहीं आती.’ काका पुन्हा अरबीत. यामुळे मेधाच्या मनात एक शंका होती आणि ती तिने मला हळूच सांगितली होती. ‘बाबांचं अरबी आजपर्यंत समजलंय कुणाला? मला वाटतं, ते नुसते आवाज काढतात. एक दिवस कुणी खरा अरब भेटला ना, तर फजिती होईल.’ त्यांचा मुलगाही शिक्षणासाठी लहानपणापासून पुण्याला मामाकडे होता, त्यामुळे साक्षीदार कोणी नव्हता.

रमझानमध्ये काका चारचौघांत पाणीसुद्धा पीत नसत. तिथला कायदाच तसा आहे, ते म्हणत. जपानात कुठे आहे तो कायदा, असं विचारलं तर म्हणत, ‘कायद्यासाठी नाही गं. समोरचा उपाशी असताना घटाघटा पाणी प्यायला लाज वाटते.’ ओजिमाच्या रस्त्यावर समोरचा कोणीच उपाशी नसे. समोरचा आइस्क्रीम खात असे. पण भर जुलैत स्टेशनाबाहेर तहान लागली की काका थंड पेयांच्या मशीनच्या मागे, भिंत आणि मशीन यांच्या फटीत उभे राहून दोन घोट घेत. एकदा पोलिसाने त्यांना तिथून हळूच बाहेर काढलं आणि सन्मानाने घरी आणून सोडलं.

या सगळ्यावर आम्ही हसायचो. मीही हसायचे. मग एके दिवशी निखिल ऑफिसातून आला आणि म्हणाला, ‘मला मस्कतला पाठवतायत.’

निखिलची कंपनी योकोहामाची. समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने उभारायचं तिचं काम. ओमानातल्या कारखान्यासाठी त्याला काही वर्षं तिथे राहायला लागणार होतं. कुटुंबासह किंवा एकट्याने, ते आम्ही ठरवायचं होतं आणि महिनाअखेर कळवायचं होतं.

मी त्याच क्षणी ठरवलं. त्याने जावं, मी आणि आमची लेक सई इथेच राहू. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘मुसलमानी देशात? मुलीला घेऊन? वेडबिड लागलंय का?’ भूकंपानंतर याच आईने ‘त्या किरणोत्सर्गात मुलीला ठेवतेस?’ असं विचारलं होतं, त्यामुळे तिच्या भीतीला मी फारसं मोजत नव्हते. पण माझीही भीती होतीच. बुरखा, एकटीने बाहेर पडणं, काय चालतं आणि काय नाही, टीव्हीवर पाहिलेलं अर्धवट काहीबाही. आणि त्याच्या खाली एक जास्त खरी भीती होती. मी एकदा परदेशात येण्याचे कष्ट उपसले होते. कचऱ्याच्या पिशव्या चुकीच्या वारी ठेवून बोलणी खाल्ली होती, अक्षरं गिरवली होती, वॉर्ड ऑफिसात हातवारे केले होते, पाळणाघरातल्या बायकांनी मला डबा खाताना जवळ बसवावं म्हणून वर्षभर हसऱ्या चेहऱ्याने एकटी बसले होते. आता कुठे मी इथली कोणीतरी झाले होते. पुन्हा नव्या गावात जाऊन कोणीच नसणं मला नको होतं. सई आठ वर्षांची. आम्ही मराठीत विचारायचो आणि ती जपानीत उत्तर द्यायची. तिला कुठे उपटून नेऊ?

निखिल भांडला नाही. तेच मला जास्त जड गेलं. रोज संध्याकाळी तो सईला गणित शिकवायला बसायचा, तेव्हा तिच्याकडे बघत राहायचा. लेकीला वर्षातून दोनदा भेटणारा बाप होणं म्हणजे काय याचा तो हिशेब करतोय, हे मला दिसायचं. पण मी बधले नाही.

शेवटी त्याने काकांना मध्यस्थीला बोलावलं. मला वाटलं, आता गेलीच आपली संध्याकाळ. काका आले, सोफ्यावर बसले, आणि मला म्हणाले, ‘जाऊ नकोस.’

निखिलचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी विचारलं, ‘का हो काका? तुम्हीच तर म्हणता, तिथल्यासारखी माणसं नाहीत.’

‘नाहीतच. काकू आजारी होती तेव्हा शेजारची अरब बाई रोज सकाळी येऊन तिची वेणी घालायची. मी सांगितलं नव्हतं, तिने विचारलं नव्हतं. यायची आणि घालायची. तिथे जायला काही हरकत नाही, राहायलाही नाही. पण तिथून निघावं लागतं. त्या देशाने मला सगळं दिलं. फक्त थांब म्हणाला नाही. वय झालं, व्हिसा संपला, चला. मन लावून राहिलीस तर निघताना फाटतं, आणि मन न लावता राहायचं तर जायचं कशाला?’

मी निखिलकडे विजयी मुद्रेने पाहिलं. काकासुद्धा नको म्हणतायत, आता विषय संपला. तसा तो संपलाही असता.

पण त्याच सुमारास ओमानहून सालिम नावाचा इंजिनिअर तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला योकोहामाला आला. ऑफिसात सगळे त्याला सालिमसान म्हणायचे. बरोबर त्याची बायको होती, थुरया. रमझान चालू होता. जपानातला उन्हाळ्याचा दिवस लांबलचक, आणि सूर्य मावळल्यावर खायचं काय, तर सोया सॉसमध्ये अल्कोहोल, ब्रेडमध्ये कसली कसली चरबी. दोघं हॉटेलच्या खोलीत केळी आणि उकडलेल्या अंड्यांवर रोजा सोडत होती. निखिलने त्यांना बुधवारी आमच्याकडे इफ्तारला बोलावलं. त्यात त्याचा डाव होता हे मला कळत होतं. पण केळी-अंड्यांचं ऐकल्यावर नाही म्हणण्याइतकी मी दुष्ट नाही.

काकांनी ताबा घेतला. मंगळवारी येऊन त्यांनी माझं स्वयंपाकघर तपासलं. सोया सॉस, स्वयंपाकातली गोड दारू, सईची जिलेटिनची जेली, सगळं पिशवीत भरून मेधाकडे रवाना केलं. मी व्हेज बिर्याणी ठरवली होती. त्यांनी मसाल्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. एवढ्यात आईचा फोन आला. ‘लक्षात आहे ना? उद्या आषाढी एकादशी.’

जपानी कॅलेंडरवर एकादशी नसते. मी कपाळाला हात लावला. मी फार देवभोळी नाही, पण आषाढी कधी मोडलेली नव्हती. आणि आता घरात भात शिजवायचा नाही, कांदा नाही, लसूण नाही, आणि पाहुणे तर दिवसभराचे उपाशी येणार.

काकांचा चेहरा मात्र उजळला. ‘अगं, मग प्रश्नच मिटला. उपासाच्या स्वयंपाकात असतं काय? शेंगदाणे, रताळी, बटाटे, साबुदाणा, तूप, जिरं, मीठ. यात हराम ठरवण्यासारखं काही शोधून सापडायचं नाही. उद्या या घरात चूक होऊच शकत नाही.’

आणि खरंच, मी इतकी निर्धास्त होऊन पाहुण्यांचा स्वयंपाक कधी केला नव्हता. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, जपानी रताळ्यांचे तुपातले काप आणि श्रीखंड.

ते दोघं आले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मेधा मुद्दाम येऊन बसली होती, सासऱ्यांची फजिती बघायला की सावरायला हे तिलाही माहीत नसावं. काका दारात उभे राहिले आणि त्यांनी अरबीत बोलायला सुरुवात केली. एक वाक्य, दुसरं, तिसरं. सालिम जागच्या जागी थांबला. त्याचा एक पाय बुटात, एक बाहेर. मेधाने माझा हात घट्ट धरला.

मग सालिमने उत्तर दिलं. काकांनी पुढचं विचारलं, त्याने पुढचं उत्तर दिलं, आणि असं कितीतरी वेळ चाललं. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. थुरयाने आम्हाला इंग्रजीत सांगितलं की त्यांच्या गावाकडे दारात आलेल्या माणसाला आधी विचारतात, काय खबर. त्याने म्हणायचं, काही नाही, सगळं ठीक. मग त्याने विचारायचं, तुमची काय खबर. आपण म्हणायचं, सगळं ठीक. वाईट बातमी असली तरी दारात आधी ठीकच म्हणायचं, मग बसून, कॉफी पिऊन, ती सांगायची. शहरात हे आता कोणी इतकं साग्रसंगीत करत नाही. ‘हे बाबा माझ्या सासूबाईंच्या वडिलांसारखं बोलतात,’ ती म्हणाली. ‘मस्कतजवळच्या मत्र्याच्या मासळी बाजारातली म्हातारी माणसं बोलतात तसं.’ मेधाने सुटकेचा असा निःश्वास टाकला की सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

सूर्य मावळायला अवकाश होता. वाढून ठेवलेल्या ताटांसमोर आम्ही बसून राहिलो. थुरयाने विचारलं, ‘तुमचाही उपास आहे म्हणे. पाणीसुद्धा नाही?’ मी म्हटलं, ‘पाणी चालतं. चहा चालतो.’ ‘आणि खाणं?’ ‘हे सगळं चालतं,’ मी ताटाकडे बोट दाखवलं. ‘दुपारी मी बटाट्याचा कीस खाल्ला.’ तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल सावरत ती इतकी हसली की सालिमला तिच्या पाठीवर थोपटावं लागलं. ‘हा तुमचा उपास?’ ती म्हणाली, ‘मग तुमच्या सणाला काय होत असेल?’

वेळ झाली. काकांनी सगळ्यांना खजूर दिले आणि शेवटी स्वतः घेतला. आणि लागलीच दुसराही उचलला. मेधा कुजबुजली, ‘बाबा, तुम्ही दिवसभर पाणीही प्यायला नाहीत?’ काका म्हणाले, ‘दोघांनीच कसं उपाशी राहायचं? कोणीतरी सोबत नको?’ मेधा रागावायला गेली आणि तिला रागावता येईना. तिने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

जेवण झालं. खिचडीचं भांडं रिकामं झालं. काकांनी कॉफी ओतली. एक पेला झाल्यावर सालिमने विचारलं, आणि या वेळी काकांनी खबर सांगितली. अरबीत सांगितली, पण मधे काकूंचं नाव आलेलं आम्हाला कळलं. थुरया ऐकता ऐकता म्हणाली, तिच्या आईकडेही असं एक भारतीय जोडपं शेजारी होतं आणि ते निघून गेल्यावर आई त्यांच्या बंद दाराकडे बघत बसायची. ‘आम्हाला वाटतं, तुम्ही लोक न सांगता जाता. जणू आमचं काही नव्हतंच.’ काकांनी तिचा पेला पुन्हा भरला.

मी ताटं उचलून स्वयंपाकघरात गेले. पाठोपाठ थुरया आली, बाह्या वर केल्या आणि भांडी घासायला लागली. मी नको नको म्हणत राहिले, तिने ऐकलं नाही. मग तिने माझे डबे उघडून वास घेतले, फ्रिजवरचा सईच्या शाळेचा फोटो पाहिला, आणि सई आली तेव्हा तीन आठवड्यांत उचललेल्या चार जपानी शब्दांत तिच्याशी बोलायला लागली. सई तिला समुद्र आहे का विचारत होती, कासवं आहेत का विचारत होती. थुरया हातभर साबणाच्या फेसानिशी कासव पोहून दाखवत होती.

जपानी माणसांबद्दल माझ्या मनात माया आहे, त्यांनी मला भूकंपात आपल्या छत्राखाली घेतलं, ब्लँकेट दिलं. पण इतक्या वर्षांत माझ्या दाराच्या आत, बूट काढायच्या जागेपलीकडे, कोणी आलं नव्हतं. न विचारता माझ्या स्वयंपाकघरात शिरलेली ही पहिली परकी बाई. त्या बाईच्या गावाची भीती वाटणं मला काही केल्या जमेना. पाहुणे गेल्यावर मी निखिलला म्हटलं, ‘तिघांचं कळव.’ तो उठला. गॅलरीत जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

शुक्रवारी मी लिफ्टने उतरले. काकांना म्हटलं, ‘काका, आम्ही तिघंही जातोय. आणि मी मन लावून राहणार आहे.’

ते म्हणाले, ‘सांगितलं होतं मी.’ आणि माझ्या हातात खजूर ठेवत म्हणाले, ‘मग एक कर. निघायची वेळ येईल तेव्हा नीट नीघ. घराघरांत जा, सांग, रड. मी कोणालाच तोंड दाखवलं नाही. काकू गेली, व्हिसा संपत आला होता, सगळे विचारणार होते काय खबर, आणि मला ठीक म्हणता आलं नसतं. काकूच्या वेणीसाठी शेजारच्या बाईचे आभारसुद्धा मानले नाहीत. पहाटेचं विमान पकडलं. परवा ती मुलगी बोलली ना, तेव्हापासून झोप नाही.’

जपानात घर सोडताना शेजाऱ्यांच्या दारोदारी जाऊन निरोप घ्यायची रीत आहे. छोटासा टॉवेल किंवा मिठाईचा खोका द्यायचा, वाकायचं, त्रास दिला त्याबद्दल माफी मागायची. निघण्याच्या आदल्या दुपारी मी आणि सई खोके घेऊन बाहेर पडलो, तर काका दारात. शुक्रवार नसताना पांढरा शर्ट, अत्तर. म्हणाले, ‘मी येतो बरोबर.’

पहिल्या दारात मी वाकले, सईने माझं मोडकं जपानी दुरुस्त करून सांगितलं आणि काकाही मागे उभे राहून वाकले. दुसऱ्या दारात ते माझ्याही आधी वाकले. तिसऱ्या दारात त्यांचे डोळे वाहायला लागले. मजल्यामागून मजले आम्ही उतरत गेलो. काका प्रत्येक दारात काहीतरी अरबीत पुटपुटत होते आणि गालांवरून ओघळणारं पाणी पुसतही नव्हते. जपानी माणसाला कुणाचं रडणं पाहवत नाही. दारातली माणसं गोंधळून आणखी खाली वाकत होती.

तानाका आजींच्या दारात तर त्यांना हुंदकाच फुटला. आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग लगबगीने आत गेल्या आणि एक निळा-पांढरा हातरुमाल कागदात गुंडाळून घेऊन आल्या. दोन्ही हातांनी त्यांनी तो काकांना दिला आणि जपानीत बरंच काही बोलल्या. सई मला म्हणाली, ‘आई, त्यांना वाटतंय आजोबापण चाललेत. तिकडे तब्येतीला जपा म्हणतायत. तुम्ही होतात म्हणून मला सोबत होती म्हणतायत.’

मी खुलासा करायला तोंड उघडलं. काकांनी मला थांबवलं. ‘राहू दे. बरोबर आहे ते.’

त्यांनी रुमाल दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला आणि मनसोक्त रडले. मला वाटलं होतं, बघवणार नाही. पण उलट हायसं वाटलं, ताप उतरताना माणसाला घाम सुटतो आणि घरच्यांना बरं वाटतं तसं. नंतर जिन्यात बसून त्यांनी त्याच रुमालाने नाक पुसलं आणि म्हणाले, ‘बरं झालं. केवढ्या दिवसांचं राहिलं होतं.’ सई त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाची बस यायची होती. आम्ही सामान घेऊन इमारतीच्या दारात उभे होतो. मेधा होती, तिचा नवरा होता. काका दिसत नव्हते. तो कचऱ्याचा दिवस होता. तानाका आजी आपली पिशवी कावळ्यांसाठी घातलेल्या जाळीखाली ठेवून वळल्या, आणि लिफ्टमधून काका बाहेर आले. घरातला सदरा, पायात चपला, हातात मेधाच्या कचऱ्याची पिशवी. काल निरोप देऊन झालेला माणूस समोर उभा पाहून आजींचं तोंड उघडंच राहिलं.

काकांनी पिशवी खाली ठेवली. सई रोज शाळेतून आली की दारातूनच एक शब्द ओरडते, ‘तादाइमा’, म्हणजे घरी आले. हाच शब्द तिने काल जिन्यात बसून त्यांच्याकडून घोटून घेतला होता. काका ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ‘तादाइमा.’

आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, कमरेत वाकून, दारात आलेल्या घरच्या माणसाला म्हणतात तसं त्या म्हणाल्या, ‘ओकाएरिनासाई.’ आलात का, या.